धाकटीचा गुडघा

आमची धाकटी मैदानात पडली तेव्हा तिला कोणाचा धक्कासुद्धा लागला नव्हता. ऑगस्ट २०२३ मधली गोष्ट. आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेतला तीन दिवसांतला तिचा तिसरा सामना होता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी पहिल्यांदाच तिचा खेळ पाहायला गेले होते. चेंडूमागे पळता पळता ती एकदम उजवीकडे वळली आणि खाली बसली. ओरडली नाही, रडली नाही. मला वाटले पाय मुरगळला असेल, घरी नेऊन हळदीचा लेप लावू. रिक्षात ती हळूच म्हणाली, "आई, आतून कट्कन आवाज आला."

मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत धरून ठेवणारा एक अस्थिबंध असतो. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. तो तुटला होता. चालता येते, जिना चढता येतो, पण पळताना वळले की गुडघा दगा देतो. पुन्हा खेळायचे तर शस्त्रक्रिया करून स्वतःच्याच पायातली शीर काढून तिथे बसवावी लागते.

शेजारच्या काकू पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "पोरीच्या जातीला हे धंदे सांगितलेत कुणी? उद्या लग्नात अडेल." आपल्याच वसाहतीत "जात" हा शब्द असा ऐकून मला राग आला. पण खरे सांगते भगिनींनो, त्या दिवशी माझ्याही मनात तेच होते. महिला मंडळात मुलींना पुढे येऊ द्या म्हणून भाषणे देणारी मी, हिने कॅरम का नाही निवडला असे म्हणत होते.

माझे तोंड बंद झाले ते रक्ताच्या अहवालाने. शस्त्रक्रियेआधी तपासले तर हिमोग्लोबिन ८.६. बाईमाणसाचे निदान १२ तरी हवे. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि माझ्याकडे पाहून विचारले, "एवढ्या रक्तावर ही मुलगी धावत कशी होती?"

मी बी. कॉम. झालेली कारकून. वीस वर्षे जमाखर्चाची टिपणे जुळवत आले. दहा रुपयांचा फरक निघाला तरी घरी जात नाही. पण घरातल्या या हिशेबाकडे मी कधी पाहिलेच नव्हते. त्या रात्री पाहिले.

आधी खर्चाची बाजू. मैदान पुरुषांइतके, चेंडू पुरुषांचाच, मोठ्या सामन्याची वेळ तीच ९० मिनिटे. मोठ्या स्पर्धांतल्या महिला खेळाडू एका सामन्यात सुमारे १० किलोमीटर अंतर कापतात. म्हणजे सीएसएमटीहून निघून दादर ओलांडण्याइतके. तेही एका चालीने नव्हे. पळायचे, थांबायचे, वळायचे, उडी मारायची, मागे सरकायचे, पुन्हा पळायचे. कॉलेजच्या मुली एवढे धावत नसतील, पण सलग तीन दिवस खेळतात. त्यात महिन्याच्या पाळीचे रक्त जाते ते वेगळेच. संघाची चड्डी पांढरी. दोन-दोन पॅड लावून ही पोर खेळायची आणि मैदानावर मुलींना मुतारी नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायची नाही. पांढऱ्या चड्डीची अडचण इंग्लंडच्या महिला संघालासुद्धा होती. त्यांनी २०२३ मध्ये ती बदलून निळी करून घेतली. आमच्या पोरी कोणाला सांगणार?

आता जमा. पहाटे साडेपाचला चहा आणि दोन बटर. सरावानंतर कॉलेजकडून दोन केळी. दुपारी तीनला घरी येऊन थंड भात. रविवारी मटण आणले की नळी आणि काळीज मुलाच्या ताटात, कारण तो "वाढत्या अंगाचा". तो वाढून तीन वर्षे झाली होती! वाढणारी मीच होते, दुसरे कोणी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायका रक्त कमी असलेल्या निघाल्या. शिबिरात हा आकडा मी स्वतः फळ्यावर लिहिला होता.

मग लोहाच्या गोळ्या, सुकट, काळीज, अळिवाचे लाडू, जेवणात लिंबू सुरू झाले. जेवणावर लगेच चहा बंद, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. अडीच महिन्यांनी रक्त ११.८ झाले. पतपेढीचे चाळीस हजारांचे कर्ज काढले आणि शस्त्रक्रिया झाली.

व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडमना मी विचारले, खेळ मुलींना झेपत नाही हे खरे का? त्यांनी अमेरिकेचे सांगितले. तिथे १९७२ साली शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करण्यास बंदी घालणारा कायदा झाला, त्यानंतर कॉलेजांतून मुलींचे फुटबॉल संघ वाढले आणि खेळाडूंच्या दुखापतींची नोंद ठेवली जाऊ लागली. १९८९ ते १९९३ च्या नोंदी तपासल्या तेव्हा हीच दुखापत मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून जास्त आढळली. त्यावर त्या लोकांनी मुलींचा खेळ बंद केला नाही. उडीवरून खाली येताना, वळताना गुडघा आत कलतो, मांडीच्या मागचे स्नायू कमी पडतात, हे शोधून त्यावर व्यायाम बसवले. पुढे फिफानेही २० मिनिटांचा असा एक क्रम तयार करवला. आठ मिनिटे हलके धावणे, दहा मिनिटे ताकद, तोल आणि उड्या, शेवटी दोन मिनिटे जोरात. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर तो करून पाहिला, तेव्हा दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. साहित्य काय लागते? एक चेंडू. आमच्या पोरी मात्र मैदानाला दोन फेऱ्या मारून थेट सामन्यात उतरत होत्या.

धाकटी दहा महिने खेळली नाही. तो काळ कसा गेला ते लिहीत नाही. आता आमच्या वसाहतीच्या मैदानावर रविवारी सात-आठ मुली येतात आणि तिच्याबरोबर ती २० मिनिटे करतात. एक व्यायाम गुडघ्यांवर उभे राहून पुढे झुकण्याचा आहे, त्यात मागून कोणीतरी घोटे धरावे लागतात. जोडी कमी पडली की मी धरते. काकूंची नातही येते. काकू काही बोलत नाहीत.

२०२४ च्या सप्टेंबरात ती पुन्हा संघात उतरली. मी पूर्ण दिवसाची रजा काढली होती. चेंडू आला आणि ती उजवीकडे वळली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती थ्रो-इन कोणाचा यावरून पंचांशी भांडत होती.