उजवा हात जप

चि. बाळू,


काल फोनवर तू म्हणालास, "ऑक्टोबर छाटणी उरकली की बघू, अक्का. हाताचं ऑपरेशन काय पळून जातंय?" मी पुढं बोललेच नाही. रागानं नव्हे रे, घसाच दाटून आला. हेच ह्यांनी म्हटलं होतं. फक्त छाटणीच्या जागी सुमीचं लग्न होतं.

पुढचं सगळं तुला ठाऊक आहे. ती अपरात्रीची धाप, ती जीप, आणि मानेत घातलेली नळी. पण नळीतून डायलिसिस सुरू झालं की ह्यांना कशी हुडहुडी भरायची, ते तू पाहिलं नाहीस. तीन-तीन ब्लँकेटं घातली तरी दात वाजायचे. जंतू त्या नळीवाटे थेट रक्तात उतरतात. फिस्टुला आधी करून ठेवला असता तर ते दोन महिने आमच्या वाट्याला आले नसते. हे मी लग्नात, बारशात, भेटेल त्याला सांगत सुटते म्हणून सुमी चिडते. चिडू दे.

तू बागायतदार माणूस. खुंट लावल्या लावल्या घड मागतोस का? खुंट रुजू देतोस, मग कलम भरतोस, मग वाट बघतोस. फिस्टुलाचंही तेच आहे. मनगटापाशी धमनी शिरेला जोडतात. धमनीच्या जोरानं शीर फुगत जाते, तिची भिंत जाड होते, तेव्हा कुठं आठवड्यातून तीनदा, चार-चार तास दोन जाड सुया सोसायला ती तयार होते. त्याला सहा-आठ आठवडे लागतात, कधी जास्तच. काहींची शीर भरतच नाही, पुन्हा दुसरीकडं जोडावी लागते. तुझं क्रिएटिनिन छाटणीसाठी खोळंबणार आहे का?

तू डावखुरा, म्हणजे डॉक्टर बहुधा उजवा हात घेतील. दुसरीत गुरुजींनी छड्या मारल्या तरी तू डाव्यानंच गिरवत राहिलास, आई किती रडली होती! आता कात्रीचा हात तुझा तुला राहील. पण आजपासून उजव्या हाताला सुई लावू द्यायची नाही, रक्त काढायला नाही की सलाइनला नाही. जोडल्यावर त्या हातावर बीपीचा पट्टा नाही, घट्ट घड्याळ नाही, तो उशाखाली घेऊन झोपणं नाही. आणि रोज बोटं ठेवून थरथर लागते का बघायचं. ह्यांची मी बघायची, चहा टाकण्याआधी. मांजर घुरघुरल्यासारखी लागायची. त्या हातावर ह्यांनी सात वर्षं काढली, सुमीचं पोर खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली. गेले त्या पहाटेही माझी बोटं आधी तिथंच गेली.

जाऊ दे. सुनंदाला सांग, शहाळं बंद. किडनी धुऊन निघते म्हणून ती माऊली मायेनं देते, पण तुझ्या रिपोर्टात पोटॅशियम आधीच वर आहे आणि ते वाढलं की हृदयावर येतं. भाजीसुद्धा चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं. काविळीची, हिपॅटायटिस बीची लस डॉक्टरांना विचारून आत्ताच सुरू कर. डायलिसिसच्या आधी घेतलेली जास्त लागू पडते.

मी गुरुवारच्या गाडीनं येते. छाटणीला गडी मी उभे करते, बांधावरही मी बसते. तू तेवढी तारीख घेऊन ठेव.

तुझी,
अक्का