पर्वतीच्या १०३ पायऱ्या

पुण्यात चाळीस वर्षं संसार केला, पण पर्वतीवर मी किती वेळा गेले असेन? मोजून चार वेळा! तेही माहेरचे पाहुणे आले म्हणून. त्यामुळे त्रेसष्टाव्या वर्षी "उद्यापासून मी रोज पर्वती चढणार" असं जाहीर केलं, तेव्हा ह्यांनी पेपरातून डोकंदेखील वर काढलं नाही. "आणि सकाळचा चहा?" एवढंच विचारलं.

झालं होतं असं, की शेजारच्या सत्यनारायणाला सतरंजीवर बसले आणि उठताच येईना. दोघींनी हात धरून उठवलं. सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन मात्र डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, "मांडीचे स्नायू दुबळे झालेत. गुडघ्याला आधार त्यांचाच असतो." मला आपलं वाटायचं, दिवसभर ओट्यापाशी उभी असते, हाच व्यायाम!

पहिल्या दिवशी विसाव्या पायरीलाच धाप लागली. तिथेच बसले. वरून एक सत्तरीच्या बाई उतरत होत्या. म्हणाल्या, "घाई कशाला? चढताना बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की थांबायचं." तोच नियम धरला. पहिला आठवडा तीसच पायऱ्या, मग पन्नास. दीड महिन्याने सगळ्या १०३ झाल्या.

वर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वराचं मंदिर आहे. पानिपतानंतर, १७६१ साली त्यांनी देह ठेवला तो इथेच. खाली सारसबागेचा गणपती, नैर्ऋत्येला सिंहगड. चाळीस वर्षं ज्या गावात राहिले, ते असं निवांत उभं राहून पहिल्यांदाच पाहिलं!

अनुभवाच्या दोन गोष्टी सांगते. मधुमेह, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली, की लगेच थांबा. गुडघ्यावर खरा भार उतरताना येतो, म्हणून उतरणं सावकाश. पायांत गुळगुळीत चपला नकोत. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, तेव्हा मी सपाट रस्त्यावरच चालते. आठवड्यात दीडशे मिनिटं चालणं व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तुमच्या गावात टेकडी नसेल तर शाळेचं मैदान आहे, गच्ची आहे. घरातल्या घरात, हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. तेही चांगलं.

मैत्रिणींनो, पायऱ्या अवघड नव्हत्याच. अवघड होतं ते सकाळी सहाला घर तसंच टाकून बाहेर पडणं. पहिले चार दिवस जीव स्वयंपाकघरातच होता.

परवा हळदीकुंकवाला खाली बसले आणि गुडघ्यावर हात टेकून आपली आपण उठले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला मात्र केवढा आनंद झाला!

आणि चहा? तो आता हे करतात. साखर थोडी जास्त पडते. पण मी काही बोलत नाही.