चालत्या मोटारीतील चूल

मराठी माणसाच्या प्रवासाची तयारी स्वयंपाकघरातून सुरू होते. वळकटी कोणी बांधायची, घराच्या किल्ल्या कोणाकडे ठेवायच्या, या गोष्टी मागाहून ठरतात. आदल्या रात्री दशम्यांची कणीक मात्र भिजलेली असते. दुधात भिजवलेली दशमी दोन दिवस टिकते, आणि पाणी न लागल्यामुळे जुन्या माणसांच्या सोवळ्यातही ती चालत असे. तिच्यासोबत दाण्याची चटणी, लिंबाच्या लोणच्याची फोड आणि गुळाचा खडा एवढी सामग्री असली, म्हणजे आमच्या आजी-पणजींच्या मते माणूस काशीपर्यंत जाऊ शकत होता.

प्रवास त्याहून लांबला, की तीन दगडांची चूल मांडावी लागे. माळव्यात येऊन स्थायिक झालेल्या आम्हां मराठी कुटुंबांचे पूर्वज अशाच चुली मांडत, विझवत इथवर आले. १८५७ साली पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे आपल्या काकांसमवेत पायी उत्तरेकडे निघाले आणि महूच्या वाटेवर असतानाच बंडाच्या वणव्यात सापडले, ही हकीकत १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे घरोघर ठाऊक आहे. त्या काळचा वाटसरू मुक्काम ठरवी तो पाणी आणि सरपण पाहून. देवी अहिल्याबाईंनी देशभर विहिरी, घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारली, त्यांचे महत्त्व ध्यानात यावयास ही पार्श्वभूमी मनात असावी लागते. वाटेत अन्न मिळणे आणि न मिळणे, यांत यात्रा घडणे आणि न घडणे एवढे अंतर होते.

पुढे आगगाडी आली, मोटारी आल्या, दर पाच कोसांवर ढाबा आला. आता वाटेतल्या अन्नाची विवंचना कोणाला असेल, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो प्रश्न निरोग्यांचा आहे. ज्या घरात पथ्याचे माणूस आहे, त्या घराला अन्नाची वाट आजही गोडसे भटजींच्या काळाइतकीच बिकट आहे.

आमच्या आईंचे वय आज ८१. हृदयाच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केले, तेल मोजून दिले, आणि दातांनी साथ सोडल्यामुळे अन्न मऊ व गरम असणे अपरिहार्य झाले. दशमी त्यांना चावत नाही, लोणचे वर्ज्य. ढाब्यावरच्या वरणात मीठ आधीच पडलेले असते. ते काढून घेण्याची विद्या कोणापाशी नाही. त्यांचे माहेर महेश्वरचे. इंदूरपासून महेश्वर ते किती दूर! सकाळी निघालेला मनुष्य जेवणाच्या वेळेपूर्वी नर्मदेवर पोचतो. तरी पाच वर्षे त्यांनी नर्मदा पाहिली नव्हती. नातलगांकडे जाऊ या म्हटले, तर त्या म्हणत, “पाहुणी म्हणून जायचं आणि त्यांच्या सुनांना माझ्यासाठी वेगळं शिजवायला लावायचं, हे मला जमायचं नाही. तुम्ही जाऊन या.” आणि त्यांना एकटे ठेवून आम्ही जात नसू. अशा रीतीने एका चिमूटभर मिठाने सगळ्या घराचा प्रवास अडवून धरला होता.

तो सोडवला एका लहानशा पेटीने. आकाराने ती शाळकरी मुलाच्या मोठ्या डब्याएवढी. आत तापणारा पत्रा, वर घट्ट बसणारे झाकण, बाजूस कडी, आणि मागून निघालेली दोरीसारखी तार. तारेच्या टोकाची खुंटी मोटारीत पूर्वी सिगारेट पेटवण्यासाठी असे त्या छिद्रात बसवायची. आता तिथे कोणी सिगारेट पेटवीत नाही. बहुतेक जण दूरध्वनीच्या बॅटरीत वीज भरतात. पेटीत अॅल्युमिनियमचे चौकोनी भांडे ठेवून झाकण लावले, की मोटार चालू लागते आणि स्वयंपाकही. परदेशांत लांब पल्ल्याचे ट्रक हाकणारे लोक अशा पेट्या पुष्कळ दिवसांपासून वापरीत आले आहेत.

मात्र या चुलीकडून घरच्या शेगडीची अपेक्षा करू नये. तिचे बळ फार थोडे, आणि त्याचे कारण समजून घेतले म्हणजे तिच्यावर रागावण्याचे कारण उरत नाही. मोटारीची वीज १२ व्होल्टची. बहुतेक मोटारींच्या त्या छिद्राच्या झाकणावर १२० वॅट ही मर्यादा छापलेली असते. म्हणजे १० अँपिअरहून अधिक प्रवाह तेथून घेऊ नये, घेतल्यास फ्यूज उडतो. घरची दीड हजार वॅटची विजेची शेगडी याच दाबावर चालवायची म्हटली, तर तिला सव्वाशे अँपिअर लागतील. तेवढ्याने त्या बारीक तारा जळून जातील. आता हिशेब पाहा. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला १२० वॅटच्या चुलीला कागदावरच पाऊण तास लागतो. पेटीच्या भिंतींतून जी उष्णता निसटते ती धरली, तर तास-सव्वा तास सहज जातो. घाई असलेल्या माणसाची ही चूल नव्हे. परंतु ज्याला तेवढा वेळ गाडीत बसायचेच आहे, त्याला तो वेळ फुकट मिळतो. इंधनही फारसे लागत नाही. सव्वा तासाच्या शिजवण्याला फार तर अर्धी वाटी पेट्रोल अधिक जळत असेल.

माघातली एक सकाळ धरून आम्ही निघालो. वाटीभर तांदूळ आणि अर्धी वाटी मुगाची डाळ आईंनी स्वतः निवडून, धुऊन, तासभर भिजत घातली होती. हळद, जिरे, आल्याचा कीस, चमचाभर तूप, मीठ नाही. पाणी घरूनच उकळते घातले, म्हणजे चुलीचा निम्मा भार हलका झाला. सात वाजता पेटी पुढच्या आसनामागे, तळावर, सपाट ठेवून कडी लावली आणि खुंटी बसवली. इंदूर मागे पडले. महू आले. या गावाला २००३ पासून डॉ. आंबेडकरांचे नाव आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी ते इथे जन्मले. महू ओलांडेपर्यंत पेटी मुकी होती. पुढे मंडलेश्वरच्या रस्त्याला लागलो, गव्हाची हिरवी शेते दोहों बाजूंना आली, आणि झाकणाच्या फटीतून पहिली वाफ निघाली. जिऱ्याचा आणि तुपाचा वास मोटारभर पसरला. आई मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “उतू जातंय का बघा.” चालत्या गाडीत झाकण उघडायचे नाही, असा आमचा नियम, म्हणून सर्वांनी केवळ वासावरून अंदाज बांधले.

जाम दरवाजापाशी माळव्याचे पठार एकाएकी संपते. अहिल्याबाईंच्या काळातील ते भक्कम दगडी, दुमजली प्रवेशद्वार माळवा आणि निमाड यांच्या उंबऱ्यावर उभे आहे. कमानीखाली उभे राहिले, की खाली निमाडची मैदाने पसरलेली दिसतात आणि वारा अंगाला झोंबतो. होळकरांची महेश्वरची ये-जा याच वाटेने होत असे. गाडी सावलीला लावून आम्ही पेटी उघडली. खिचडी मऊ, दाणा फुललेला, तळाशी किंचित धरलेली. आईंनी डाव मागितला आणि सर्वांची पाने त्यांनी वाढली.

इथे एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आपल्या पंगतीत पानाच्या डाव्या अंगाला, लिंबाच्या फोडीशेजारी, मीठ वाढण्याची रीत आहे. लग्नकार्यात ते मीठ बहुधा तसेच राहते, आणि ही रीत निव्वळ शोभेची आहे असे आपण समजतो. त्या दिवशी तिचा अर्थ कळला. भांड्यातले अन्न अळणी असू द्यावे आणि ज्याला जेवढे हवे तेवढे मीठ त्याने पानातून घ्यावे, म्हणजे एका पंगतीत रोगी आणि निरोगी दोघेही बसू शकतात. घरी आईंचे पातेले वेगळे असे, ताट वेगळे, बहुधा वेळही वेगळी. पेटीत एकच भांडे मावते. त्यामुळे ते सर्वांचे झाले. भांडे लहान, सहा माणसांच्या वाट्याला दोन-दोन घास. बाकी पोट आम्ही दशम्यांनी भरले. पण त्या दोन घासांत कोणाचे पथ्य आणि कोणाचे नाही, हे विचारायचे कारण उरले नाही.

महेश्वरविषयी आमच्या वाचकांना नव्याने काय सांगावे? १७६७ पासून १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी इथून राज्य केले. ज्यांनी काशीपासून गयेपर्यंत मंदिरे व घाट बांधले, त्यांचा स्वतःचा वाडा मात्र लाकडी खांबांचा, साधा, एखाद्या सुस्थित गृहस्थाच्या वाड्यासारखा. मातीची शिवलिंगे करून ती नर्मदेत विसर्जन करण्याची त्यांच्या वेळची परंपरा आजही तिथे चालू आहे. घाटाच्या पायऱ्या उतरताना आईंना दोन ठिकाणी बसावे लागले. पण पाण्याशी पोचल्यावर बाणेश्वराच्या मध्यधारेतल्या देवळाकडे बोट दाखवून त्या नातवंडांना सांगू लागल्या की, लहानपणी आपले भाऊ तिथवर पोहत जात आणि घरी मार खात. हे त्यांनी आम्हांला कधी सांगितले नव्हते. काही आठवणी त्या त्या जागी गेल्यावाचून उघडत नाहीत.

दुपारी त्या नातलगांकडेही गेल्या. पाच वर्षे जे घर टाळले, तिथे त्या निःशंक मनाने पाटावर बसल्या. कारण त्यांचे जेवण आधीच झाले होते. पुतण्याच्या सुनेने आग्रह केला तेव्हा त्यांनी अर्धा पेला दूध घेतले आणि तिच्या हातच्या आमटीचा नुसता वास घेऊन “झकास” म्हणाल्या. कोणालाच अवघडल्यासारखे झाले नाही.

मुक्कामाच्या खोलीत स्वयंपाकाला मनाई होती, आणि ती योग्यच होती. संध्याकाळी आम्ही मोटारीने मंडलेश्वरच्या बाजूला फेरी काढली, परत येईतो दुधीभोपळा आणि मुगाच्या डाळीची पातळ भाजी शिजली. दुसऱ्या दिवशी धामनोदवरून मांडूचा घाट चढताना गव्हाच्या रव्याची लापशी झाली. मांडू समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. तिथे पाणी १०० अंशांऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळते. एवढ्याने स्वयंपाक अडत नाही, पण डाळीला थोडा अधिक वेळ द्यावा.

मांडूला खाण्याची गोष्ट काढणे अप्रस्तुत नाही. जहाज महालाशी ज्याचे नाव परंपरेने जोडले जाते तो सुलतान घियासशाह, १४६९ ते १५०० या काळात माळव्याच्या गादीवर होता. त्याच्या पदरी ‘निमतनामा’ नावाचा पाककृतींचा सचित्र ग्रंथ सिद्ध झाला; तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. चित्रांत भरघोस मिशांचा सुलतान स्वयंपाक्यांच्या मध्ये बसून जातीने देखरेख करताना दिसतो. समोसे आहेत, खीर आहे, विडे आहेत, अत्तरे आहेत, आणि शिकारीला निघताना बरोबर काय न्यावे याचाही विचार आहे. म्हणजे वाटेतल्या अन्नाची चिंता सिंहासनावरच्या माणसालाही चुकलेली नव्हती. मुंज तलावाच्या काठी बसून आम्ही लापशी खाल्ली. गोरखचिंचेच्या, अर्थात मांडूच्या चिंचेच्या, अजस्र बुंध्यांभोवती मुले फेर धरीत होती.

ज्यांना असा प्रयोग करावयाचा आहे, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. पेटी घेण्यापूर्वी तिचे वॅट आणि आपल्या मोटारीची मर्यादा ताडून पाहावी. कित्येक ट्रकांची व मोठ्या बसगाड्यांची वीज २४ व्होल्टची असते. तिथे १२ व्होल्टची पेटी लावू नये. इंजीन बंद असताना चूल चालवू नये. बॅटरी मोटार सुरू करण्यासाठी आहे, तासभर तापवत बसलात तर पुढचा प्रवास धक्का मारून करावा लागेल. पेटीवर शाल, पिशवी, वर्तमानपत्र काही ठेवू नये, आणि ती मुलांच्या पायांपासून दूर, न घसरेल अशी असावी. झाकण गाडी थांबल्यावर, वाफ तोंडावर येणार नाही अशा बेताने उघडावे. गॅसची लहान टाकी किंवा प्रेशर कुकर चालत्या मोटारीत नेऊन शिजवण्याचा विचारही मनात आणू नये. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास ठेवू नये, तो बाधतो. गरम खावा, नाहीतर टाकून द्यावा. उन्हाळ्यात भिजवलेली डाळ आंबते, म्हणून चैत्र-वैशाखात डाळ कोरडी न्यावी आणि उकळते पाणी थर्मासमध्ये वेगळे न्यावे.

या पेटीने कोणी मेजवानी देऊ शकणार नाही. पोळी तिच्यात होत नाही, फोडणी खमंग बसत नाही, आणि धीर नसलेल्याला ती उपाशी ठेवते. परंतु ज्या घरात आजारामुळे, वयामुळे वा एखाद्या पथ्यामुळे कोणी उंबऱ्याच्या आत राहून गेले आहे, त्या घराने तिचा अवश्य विचार करावा. अशी माणसे तक्रार करीत नाहीत. “तुम्ही जाऊन या” एवढेच म्हणतात, आणि आपणही हळूहळू त्यांच्या ‘नाही’ला सरावतो. अहिल्याबाईंनी अनोळखी वाटसरूंसाठी वाटेवर अन्नछत्रे घातली. आपल्याला आपल्याच घरातल्या एका माणसापुरते दीड शेराचे भांडे मोटारीत ठेवायचे आहे. चैत्रात ओंकारेश्वरला जायचे, असे आईंनी ठरवले आहे. डाळ कोणती घ्यायची तेही त्यांनी सांगून ठेवले आहे.