दिवाणजी काका

कंपनीचा ताळेबंद वाचायला मला वाशीच्या बाजार समितीतल्या एका दिवाणजींनी शिकवलं. आमच्या सिडकोच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे, सगळे त्यांना काकाच म्हणत. कांदा-बटाटा बाजारात एका अडत्याच्या गाळ्यावर त्यांनी आयुष्यभर पट्ट्या लिहिल्या. कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही.

1999 च्या दिवाळीपासून हार्बर लोकलच्या डब्यात शेअरबाजाराशिवाय दुसरा विषय नसे. नावात 'सॉफ्टवेअर' असलं की भाव चढायचा आणि शेअर दलाल केतन पारेखच्या 'के-10' शेअरांची यादी पोरांनाही पाठ असायची. काका मात्र वार्षिक अहवाल मागून उघडायचे. 'संड्री डेटर्स'खाली, म्हणजे गिऱ्हाइकांकडे अडकलेल्या उधारीखाली, पेन्सिलीने रेघ मारायची, त्या आकड्याला वर्षाच्या विक्रीने भागायचं, 365 ने गुणायचं. पैसे किती दिवसांनी हातात येतात ते कळतं. "विक्री वाढली हे पुढे रंगीत पानांवर सांगतातच. उधारी तिच्यापेक्षा जास्त वाढली का, ते बघ." भरमसाट माल उचलून पैसे पुढच्या आठवड्यावर ढकलणारे व्यापारी एक दिवस गाळ्याला कुलूप लावून जातात, हे त्यांनी पाहिलं होतं.

इन्फोसिसला त्यांची पेन्सिल लागली नाही. कर्ज नाही, हिशेब चोख. पण मार्च 2000 अखेर बाजार तिची किंमत वर्षाच्या नफ्याच्या सुमारे दोनशेपट लावत होता. "माल चांगलाच आहे रे, पण भाव?" हे ते कित्येक महिने बोलत होते आणि भाव चढतच होता, त्यामुळे इमारतीत त्यांची थट्टाही भरपूर झाली. मग मंदीच करून ठेवू का, म्हणजे जवळ नसलेले शेअर आधीच विकून ठेवू का, असं मी विचारलं. तेव्हा बदल्याची, म्हणजे सौदा पुढे ढकलत राहण्याची, पद्धत चालू होती. काका उखडले. "पडणार ते दिसतं. कधी पडणार ते दिसत नाही. तोवर फरक कोण भरणार, तुझे वडील?"

पुढचं सर्वांना माहीत आहे. अमेरिकेचा नॅसडॅक निर्देशांक मार्च 2000 मध्ये पाच हजारांवर होता, ऑक्टोबर 2002 मध्ये अकराशेवर आला. मधल्या काळात केतन पारेखला अटक झाली, बदलाही बंद झाला.

10 एप्रिल 2003 ला इन्फोसिसने पुढच्या वर्षी नफ्याची वाढ मंदावेल असं सांगितलं आणि शेअर एका दिवसात पावभराहून जास्त पडला. संध्याकाळी काकांनी मला खाली बोलावलं. संपलेल्या वर्षाचा नफा सुमारे 958 कोटी, म्हणजे मार्च 2000 ला संपलेल्या वर्षाच्या तिपटीहून जास्त. भाव मात्र नफ्याच्या वीस-बावीस पटीवर उतरलेला. "आता घे. एकदम नको, थोडे थोडे." सानपाड्याच्या घराचं माझं कर्ज त्या शेअरांवर मुदतीआधी फिटलं. काकांनी माझ्याकडून कधी मिठाईच्या डब्यापलीकडे काही घेतलं नाही.

सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचा घोटाळा बाहेर आला तेव्हा काका हयात नव्हते. त्यांच्या पेन्सिलीलाही तो सापडला नसता असं मला वाटतं, कारण तिथे 5,040 कोटींची रोकड कागदावरच होती. पण व्यापारी मेव्हण्याच्या नावाने माल उचलायला लागला की त्याच दिवशी वसुलीला निघायचं, ही काकांची गाळ्यावरची रीत मला माहीत होती. डिसेंबर 2008 मध्ये सत्यमने मालकाच्या मुलांच्या 'मेटास' कंपन्या विकत घ्यायचं जाहीर केलं आणि काही तासांत मागेही घेतलं. मी माझ्याकडचे सत्यम दुसऱ्या दिवशी पडत्या भावात विकून टाकले.