वाईची सहल आणि तांब्याभर पाणी

आमची सहल तीन दिवसांची होती. खरे तर हिला सहल म्हणू नये, कारण परत आल्यावर प्रत्येकाने वीस पानांचा अहवाल द्यायचा होता आणि त्याला गुण होते. इतिहास विषयाची आम्ही अकरा मुलेमुली आणि सोबत आमच्या मॅडम. अकरांपैकी सात जण आपल्या समाजाचे. त्या सातांच्या वतीने हे लिहीत आहोत.

वर्गणीसाठी कुणाच्या आईने भिशीचा नंबर आधी लावून घेतला, कुणाच्या वडिलांनी दोन आठवडे ओव्हरटाइम केला. एकीची वर्गणी आम्ही सगळ्यांनी मिळून भरली. ते तिला अजून ठाऊक नाही, हे वाचून कळेल. तेव्हा "काय बघितलंस रे?" असे घरी विचारले तर नुसते "मजा आली" म्हणून चालणार नव्हते.

पहिला दिवस साताऱ्याचा. ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी लहानग्या भिवाचे नाव दाखल झाले, ते प्रतापसिंह हायस्कूल पाहिले. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, हे आम्हांला माहीत होते. पण त्या आवारात उभे राहिल्यावर कुणालाच बोलावेसे वाटेना. याच साताऱ्यात भीमाईंचे निधन झाले. आई नसलेले ते पोर इथूनच पाटी-दप्तर घेऊन जात असेल, एवढेच मनात येत होते.

वाईला जाताना एस.टी.त मॅडमनी मसूरची हकीकत सांगितली. बाबासाहेबांनी ती स्वतःच लिहून ठेवली आहे. १९०१ साली सुट्टीत ते, त्यांचे थोरले भाऊ आणि दोन भाचे वडिलांना भेटायला निघाले. रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यात तलावाच्या कामावर कॅशियर होते. नवे कपडे घालून मुले पाडळीला आगगाडीत बसली, मसूरला उतरली. घ्यायला कुणी आलेले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊन एक गाडीवान मिळाला. पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार, या बोलीवर. डब्यात जेवण होते, प्यायला पाणी नव्हते. मध्यरात्री टोलनाक्यावर नऊ वर्षांच्या भीमरावाने आपण मुसलमान आहोत असे सांगून पाणी मागितले. तरीही मिळाले नाही. मुले उपाशीच झोपली.

ही हकीकत घरी आम्ही अनेकदा ऐकलेली. पण त्याच जिल्ह्यातल्या रस्त्यावर, हातात पाण्याची बाटली धरून ती ऐकताना घसा वेगळाच कोरडा पडतो.

दुसऱ्या दिवशी वाईचे घाट, ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आणि १७३९ साली वसई जिंकल्यानंतर तिकडून आणलेली ती मोठी घंटा, हे सारे पाहिले. आमच्यातल्या निम्म्या पोरांना मेणवलीत फक्त 'स्वदेस'चा घाट शोधायचा होता, हेही खरे सांगून टाकतो. विश्वकोशाच्या कार्यालयात मात्र पाय रेंगाळला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली इथे मराठी विश्वकोश सुरू झाला, त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. जाड खंडांतून आम्ही आधी बाबासाहेबांची नोंद काढली, मग बौद्ध धर्माची. दोन्ही वह्यांत टिपून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी लोहारे गावाजवळची लेणी. वाईच्या उत्तरेला सहा-सात किलोमीटरवर ही बौद्ध लेणी आहेत, हे आमच्यापैकी एकाच्याही घरी माहीत नव्हते. कार्ले-भाजे सगळे जाऊन आलेले. पण हे नाव ऐकलेले नाही. मोठ्या लेण्यात भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या आणि गाभाऱ्यात स्तूप. स्तूपाचा वरचा भाग तुटलेला. आज त्याला पालपेश्वर म्हणतात आणि शिवलिंग म्हणून त्याची पूजा होते.

आमच्यातला एक जण तिथेच तापला. "आपलं आहे ते, आणि आपणच मुकाट बघायचं?" दुसरी म्हणाली, पूजेमुळे निदान कुणी दगड फोडून तरी नेला नाही. दोघांचेही खरे वाटत होते. आम्ही टेप काढला आणि अहवालासाठी घेर मोजू लागलो. तेवढ्यात एक म्हातारी आजी फुले आणि पाण्याची कळशी घेऊन आली.

"काय मोजताय रं पोरांनो? देव कुनी मोजतं व्हय?"

आम्ही सांगितले, कॉलेजचे आहोत, मुंबईहून आलोय. मग एकीने धीर करून सांगितले की आजी, हा स्तूप आहे, इथे फार पूर्वी भिक्खू राहत होते. आजी रागावली नाही. "असंल बाबा. माझी सासू यायची, म्हनून मी येते." मग आमची तोंडे बघून तिने तांब्या भरला आणि भरता भरता विचारले, "कुनाची तुमी? आडनाव काय म्हनायचं?"

आमच्या चौघा मित्रांपैकी एकाने आडनाव, गाव, तालुका सगळे एका दमात सांगितले. आम्ही सात जण गप्प. कुणीतरी पुन्हा म्हणाले, "आम्ही मुंबईचे." आजीने मान हलवली आणि तांब्या पुढे केला. पाणी गार होते. अकराही जण प्यालो. तिने आम्हांला स्तूपापाशी उभे करून आमच्यासोबत फोटो काढून घेतला आणि तो कागदावरचा पाठवा म्हणाली, मोबाइलमधले आपल्याला दिसत नाही. पत्ता तिच्या नातवाने लिहून दिला.

संध्याकाळी वाईच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलो होतो. दोन तास गाडी नव्हती. वडापाव खाऊन झाले, गाणी झाली आणि मग ती गोष्ट निघालीच. ज्याने सकाळी "आपलं आहे ते" म्हणून आवाज चढवला होता, तोच आडनाव विचारल्यावर सगळ्यांत मागे सरकला होता. त्यानेच कबूल केले. कुणी म्हणाले, त्यात काय, पाणी तर मिळाले. कुणी म्हणाले, टोलनाक्यावर नऊ वर्षांचे पोर होते, मध्यरात्र होती, तहानेने जीव जात होता. आम्ही विशीतले, दिवसाढवळ्या, बाटल्या अर्ध्या भरलेल्या.

मग आमच्यातली सगळ्यांत कमी बोलणारी म्हणाली, "आजीने काय केलं असतं ते आपल्याला कळलंच नाही. कदाचित दिलंच असतं तिने. आपणच तिला आधी वाईट ठरवून मोकळे झालो."

यावर आमचे अजून एकमत नाही. एकाचे म्हणणे आहे की, गावाकडे चुलत्याबरोबर जे घडले ते पाहिलेला माणूस असाच गप्प बसेल आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. त्याचेही बरोबर आहे. मॅडम ऐकत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, ते बरे केले.

रविवारी विहारात वंदनेनंतर आम्हांला सहलीविषयी सांगायला उभे केले. शाळा सांगितली, विश्वकोश सांगितला, लोहारेची लेणी सांगितली. पुढच्या वेळी सर्वांनी मिळून तिथे जायचे असेही ठरले. आडनावाचे मात्र तिथे सांगता आले नाही, म्हणून इथे लिहिले.

फोटो धुऊन आणला. आजी मधोमध, डोक्यावर पदर, आम्ही दोन्ही बाजूंना, मागे स्तूप. पाकिटात घालण्याआधी फोटोच्या पाठीमागे सातही जणांनी आपापल्या हाताने पूर्ण नाव, आडनाव आणि मूळ गाव लिहिले. खाली 'जयभीम आजी' असे लिहिले. एकाने पेन हातात घेऊन बराच वेळ लावला, पण लिहिले. गेल्या सोमवारी पाकीट टपालात टाकले आहे. मागे पाठवणाऱ्याचा पत्ता आमच्या विहाराचा दिला आहे.

अजून उत्तर आलेले नाही.