जुनेराच्या घड्या

आमच्या घरी लुगडं विरलं की त्याचे दोन भाग व्हायचे. काठाकडचा दणकट भाग वाकळेत जायचा. मधला, धुऊन धुऊन मऊ झालेला भाग आजी स्वतःसाठी ठेवायची. त्याच्या घड्या तिच्या ट्रंकेत असत, आणि धुतलेल्या घड्या परसात दुसऱ्या लुगड्याच्या आडोशाला वाळत. लागोपाठच्या बाळंतपणांनी तिचं अंग बाहेर आलं होतं. खोकल्याची उबळ येतेय असं वाटलं की लघवी सुटू नये म्हणून ती आधी मांड्या आवळून घ्यायची. सोलापुरात राहून पंढरपूरची पायी वारी तिने कधी केली नाही. वाटेत घडी बदलायची कुठे आणि धुवायची कुठे, याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं.

आई विड्या वळायची. पूर्व भागातल्या हजारो बायकांसारखं मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. ठरलेल्या वेळेत विड्या कारखान्याच्या ब्रँचला पोचवायच्या, त्यातही नापास विड्यांची छाट निघाली की मजुरी कमी. संडास सार्वजनिक, चाळीच्या टोकाला. उठावं लागू नये म्हणून ती पाणीच पीत नसे. पण लघवी घट्ट झाली की मूत्राशय उलट जास्त चिडतं, जळजळ होते, घाई वाढते. हे तिला कुणी सांगितलं नाही. चाळिशीनंतर तिचंही कपड्यात सुटायला लागलं.

तोवर सुती लुगडी घरातून गेली होती. नायलॉनच्या साडीची घडी काही शोषून घेत नाही, म्हणून तिने टॉवेल धरला. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. मागावरचा डागी माल स्वस्तात मिळतो. मात्र उभ्या फासांचा तो जाड टॉवेल धुवायला पाणी फार लागतं, आणि या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड यायचं. आई भांडी घासलेलं पाणी बाजूला धरून ठेवायची. सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं मला कौतुकच आहे. पण त्याचा हा उपयोग कुठल्याच कागदावर नाही.

माझ्या वाट्याला पॅड आले. दुसऱ्या बाळंतपणानंतर शिंकलं तरी थेंब जायचा. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम शिकवला: लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, थोडा वेळ धरायचे, सोडायचे, रोज, न चुकता. काही महिन्यांत माझा त्रास बराच कमी झाला. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी हा व्यायाम 1948 मध्ये मांडला होता. त्याला पैसा लागत नाही, औषध लागत नाही. तरी तो माझ्या आजीपर्यंत आणि आईपर्यंत पोचला नाही, याचा मला अजूनही राग येतो.

आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि घड्यांचे दिवस संपले. आधी मूत्राशयात नळी घातली. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा, पुरुषाचा त्याच्या कितीतरी पट लांब. जंतूंना आत शिरायला वेळ लागत नाही, आणि नळी जितके दिवस आत, तितका धोका जास्त. थंडी वाजून ताप चढला, नळी काढावी लागली. मग डायपर. मे महिन्यातलं सोलापूर, पत्र्याचं छप्पर. जांघा सोलवटून निघाल्या. कूस बदलायला गेलं की ती तोंड भिंतीकडे फिरवायची.

परदेशातल्या भाच्याने बाहेरून लावायचं कॅथेटर आणलं. बोटभर जाडीची, किंचित वळणाची मऊ वात. ती शरीरात जात नाही, बाहेरच्या बाहेर मांड्यांमध्ये टेकवून ठेवायची. तिला जोडलेली नळी छोट्या पंपाला जाते, पंप हळू ओढत राहतो आणि लघवी आली तशी डब्यात जमा होते. आम्ही जांघेची कातडी आधी भरून येऊ दिली. वात 8 ते 12 तासांनी बदलावी लागते, शी लागली तर तेव्हाच. पहिल्याच सकाळी आई जड जिभेने म्हणाली, "कोरडी झोपले गं रात्रभर."

या वातीत उणं नाही असं नाही. वात धुऊन वापरता येत नाही. पंपाला वीज लागते. रुग्ण फार हालचाल करत असेल तर ती सरकते, आणि लघवी तुंबत असेल तर ती लावूच नये. भाच्याने आणलेला साठा संपल्यावर मी औषधांची दुकानं पालथी घातली. पुरुषांसाठीचं कंडोम कॅथेटर जिथे मागितलं तिथे काढून दिलं. बाईसाठीचं एकाही दुकानात नव्हतं. शेवटी आम्ही पुन्हा डायपरवर आणि त्याच टॉवेलांवर आलो.

सूत, कापूस, माग आणि शोषून घेणारं कापड यांच्यावर उभं राहिलेलं हे शहर आहे. ही वात इथे बनावी आणि विडी कामगाराच्या घराला परवडावी, असं मला मनापासून वाटतं. अंथरुणाला खिळलेल्या बाईला ती मिळायलाच हवी. ज्यांना चालता-फिरता येतं त्यांनी मात्र कॅथेटरचा विचार करण्याआधी, घड्या वाढवण्याआधी, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. व्यायाम आहे, औषधं आहेत, बाहेर आलेल्या अंगाला आधार देणारी रिंग आहे, शस्त्रक्रियाही आहे. आणि घरात आई, सासू, आत्या असेल तर तिने सांगायची वाट पाहू नका. तुम्हीच विचारा.