उसना जीव

विटीदांडू केव्हा सुटला हे बहुतेकांना सांगता येते. शाळा बदलली, मैदानावर इमारत उभी राहिली, दांडू हरवला. व्हिडिओ गेम सुटण्याला असे कारण सापडत नाही. यंत्र घरात असते, पूर्वीपेक्षा कितीतरी चांगले असते, रविवारची दुपारही मोकळी असते. आणि तरी पंधरा मिनिटांत आम्ही ते बंद करून पंख्याकडे पाहत बसतो. वेळ नाही ही सबब आम्हांला मान्य नाही, कारण तेवढाच वेळ आम्ही मोबाइलवर नको त्या बातम्या वाचण्यात घालवतो. वय झाले, ही दुसरी सबब. तिच्याविषयी पुढे.

आमचा खेळ नव्वदच्या दशकातल्या श्रीरामपुरातला. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे, उसाने भरलेल्या ट्रॉल्यांचे हे बाजाराचे गाव तेव्हा अहमदनगर जिल्ह्यात होते. 2024 पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. निन्टेंडोने 1983 साली जपानात आणलेल्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल आमच्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून पोचली ती दहाएक वर्षांनी, आणि तीही घरात नव्हे. गल्लीतल्या एका दुकानात ताशी भाड्याने खेळायला मिळे. भाडे वर्गणीतून निघे. खेळणारे सहा आणि रिमोट दोन. कॅसेट लागली नाही की तिच्यात फुंकर मारायची. खरा उपयोग ती काढून पुन्हा नीट बसवण्याचा होत असावा, पण श्रेय फुंकर मारणाऱ्याला मिळे.

त्यांतला 'कॉन्ट्रा' आम्ही सर्वांत अधिक खेळलो. सुरुवातीला तीन जीव मिळत, आणि एक गोळी लागली की एक जीव गेला. दोघे जोडीने खेळत असताना एकाचे जीव संपले, तर तो जोडीदाराच्या शिलकीतून एक जीव घेऊ शके, तोही न विचारता, नुसते बटण दाबून. जिवाला जीव देण्याची भाषा मराठीत जुनी आहे; तो असा परस्पर उचलण्याची सोय त्या खेळाने केली, आणि आमच्या लहानपणीची बरीचशी भांडणे त्या बटणावरची आहेत. उरलेले चौघे मागे बसून पंचगिरी करीत. कोणी कुठे उडी चुकवली, कोणी घाबरून मागे राहिला, हे दुसऱ्या दिवशी शाळेतही निघे. मध्येच वीज गेली तर सगळे पुसले जाई, कारण खेळ जतन करण्याची सोय त्या कॅसेटीत नव्हती. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. याचा कंटाळा आल्याचे आम्हांला आठवत नाही.

योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने 1938 साली 'होमो लुडेन्स'मध्ये खेळाची जी लक्षणे सांगितली, त्यांत तो नित्याच्या व्यवहाराबाहेरचा असतो आणि त्यातून लाभ काही पदरी पडत नाही, ही दोन महत्त्वाची. आजचा खेळ उघडला की आधी हजेरीचे बक्षीस मिळते, मग आजची कामे, आठवड्याची कामे, अपुरी राहिलेली टक्केवारी. हे सगळे आम्ही महाविद्यालयात भरून आलेलो असतो. 2010 च्या यूजीसी नियमांनी अध्यापकाच्या कामाला एपीआयचे गुण लावले. चर्चासत्राला इतके, शोधनिबंधाला इतके. 2018 साली ती पद्धत बदलली, मोजण्याची सवय राहिली. दिवसभर गुण गोळा करणाऱ्या माणसाला रात्री पुन्हा गुणच गोळा करायला सांगितले तर तो पंख्याकडे पाहणारच. खेळ व्यवहाराबाहेर राहिला नाही, की व्यवहारानेच खेळाचे सोंग घेतले, हा वाद वर्गात घालण्याजोगा आहे.

आता वयाविषयी. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना आमच्या जिल्ह्यातून जाते. विसाव्याच्या जागी साठीच्या बायका फुगडी घालताना आम्ही पाहिल्या आहेत. शेवगावच्या पलीकडे, पैठणला एकनाथांनी फुगडीवर, हुतूतूवर भारुडे रचली, ती केवळ मुलांसाठी नव्हेत. वयाने खेळ सुटतो हे त्या बायकांना कोणी सांगितलेले दिसत नाही. मात्र त्यांच्यातली एकही एकटी फुगडी घालत नव्हती, आणि भोवती कडे करून उभे असलेलेही त्या खेळातच होते. आमच्या वसतिगृहाच्या जिन्यावर मुले चौघे-चौघे बसून मोबाइलवर खेळतात. 2020 मध्ये पबजीवर बंदी आली, पुढच्या वर्षी तो खेळ नव्या नावाने परतला, आणि घायाळ झालेला गडी अजून 'मला उचल, मला उचल' म्हणून ओरडतो. त्यांचा रस आटलेला नाही. आमचाही, आम्हांला वाटते, त्या दोन रिमोटांत नव्हता. पाठीमागच्या चौघांत होता.

हे एवढ्यावर थांबले असते तर लिहिण्याची गरज नव्हती. पण गेल्या वर्षभरात तीन कादंबऱ्या आम्ही चाळिसाव्या पानाच्या आसपास खाली ठेवल्या, आणि ठेवतानाचा हात तोच होता, यंत्र बंद करणारा. कादंबरी तर एकट्यानेच वाचायची असते, निदान आम्ही तसे शिकवत आलो. त्यांतली एक अभ्यासक्रमाला आहे. ती वर्गात मोठ्याने वाचताना पान उलटायची घाई होते, मागच्या बाकावरून कोणी हरकत घेतो, नायिकेची बाजू घेऊन दोघी भांडतात, आणि घंटा नकोशी वाटते. घंटा झाल्यावर पुस्तक आम्ही घरी आणतो. खूण अजून वर्गात थांबलो त्याच पानावर आहे.